काठी टाकली, दावे घेतले

श्रावण वद्य अष्टमीची मध्यरात्र जवळ आली, की कीर्तनकाराच्या गळ्यात आपोआप पाळणा येतो. देवळादेवळांतून टाळ-मृदंगाचा गजर होतो, गुलाल आणि फुले उधळली जातात, सुंठवडा वाटला जातो, आणि विश्वाचा पालक एका रात्रीपुरता घराघरांतले तान्हे लेकरू होतो. इतर उत्सवांत आपण पूजक असतो, याचक असतो. या उत्सवात आपण मायबाप असतो.

पाळणा आपण रामाचाही म्हणतो. परंतु वाल्मीकींनी रामाचे बाळपण थोडक्या श्लोकांत आवरले, आणि लगेच विश्वामित्र ऋषी दाराशी येऊन उभे राहिले. श्रीमद्भागवताचे तसे नाही. दशमस्कंधाच्या ९० अध्यायांपैकी कितीतरी अध्याय रांगणे, पडणे, माती खाणे, लोणी चोरणे, वेळी-अवेळी वासरे सोडणे यांतच रमले आहेत. शुकाचार्यांसारखा विरक्त वक्ता, आणि सात दिवसांवर मृत्यू येऊन ठेपला आहे असा परीक्षितीसारखा श्रोता. या दोघांना त्या घटकेला एक खोडकर मूल आणि त्याची आई यांच्या भांडणात एवढे काय सापडले असेल, हा प्रश्न मला फार वर्षे पडत आला आहे.

नारदाच्या गादीवर उभे राहून मला चाळीसहून अधिक वर्षे झाली. मुक्काम पंढरीत असल्यामुळे श्रोते गावोगावचे मिळतात. कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावला जातो, आणि मग पाया पडण्याच्या निमित्ताने माणसे जवळ येऊन घोटाळतात. पूर्वरंगात मी मायेचे स्वरूप सांगितलेले असते, जीवशिवाचे ऐक्य सांगितलेले असते. त्याविषयी शंका विचारणारा विरळा. आयाबाया हळूच विचारतात, "बुवा, पोरगं ताटावर बसतच नाही हो." "बुवा, हल्ली खोटं बोलायला लागलाय." "हातातला मोबाईल काढून घेतला, की भिंतीवर डोकं आपटतो." पूर्वी मोबाईलच्या जागी गोट्या होत्या, पतंग होता, पुढे दूरदर्शन आले, प्रश्न तोच. मी स्वतः तीन मुलांचा बाप आणि चार नातवंडांचा आजोबा आहे. तेव्हा हे प्रश्न प्रपंचाचे म्हणून मला बाजूला सारता येत नाहीत. माझ्या मताने त्यांचे उत्तर दशमस्कंधाच्या नवव्या अध्यायात आहे.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा. पण ऐकताना आपण उखळाला बांधण्याकडे धाव घेतो, आणि वाटेतल्या गोष्टी सुटून जातात. त्या दिवशी नंदाघरच्या दासी दुसऱ्या कामांत गुंतल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतःच दही घुसळीत होती. कृष्ण आला आणि त्याने रवी धरून ठेवली. आईने त्याला मांडीवर घेतले, पाजायला लागली. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. मूल अजून तृप्त झाले नव्हते. तरी त्याला खाली ठेवून ती दुधाकडे धावली.

येथे क्षणभर थांबावे, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे. मुलाने ओठ चावला, डोळ्यांत खोटे पाणी आणले, दगडाने दह्याचे मडके फोडले, आणि तो आत जाऊन लोणी खाऊ लागला. अश्रू खोटे होते, असे व्यासांनी स्पष्ट म्हटले आहे. पण राग खरा होता आणि भूकही खरी होती, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. मुलांच्या खोडीत खरे आणि खोटे असेच एकात एक कालवलेले असते. आपल्याला फुटलेले मडके तेवढे दिसते. अर्ध्यावर खाली ठेवलेले मूल आपण विसरून गेलेलो असतो. यशोदा मात्र ते फुटके मडके पाहून आधी हसली. मग तिने शोध घेतला, तर चिरंजीव पालथ्या उखळावर बसून माकडाला लोणी वाटीत आहेत! ती पाठीमागून हळूच गेली. आईच्या हातात काठी पाहताच तो उतरून पळाला. ती मागे धावली. केसांतली फुले गळून पडली, धाप लागली, आणि शेवटी तिने त्याला धरले. तो रडत होता, हातांनी डोळे चोळीत होता, काजळ गालभर पसरले होते, भयाने दृष्टी बावरली होती.

आणि मग व्यासांनी जे लिहिले ते मी प्रत्येक कीर्तनात दोनदा सांगतो. मूल भ्याले आहे हे ओळखून तिने हातातली काठी टाकून दिली. लक्षात घ्यावे, मूल शरण आले म्हणून नव्हे, त्याने चूक कबूल केली म्हणूनही नव्हे. भ्याले, म्हणून. ज्या क्षणी काठीचे काम झाले असे आपल्याला वाटते, नेमक्या त्याच क्षणी तिने ती फेकली. पण तिने मुलाला मोकळे सोडले काय? नाही. काठी टाकली आणि दावे घेतले.

दावे हा शब्द आपल्या गोठ्यातला. संस्कृत दामन् या शब्दावरून तो आला. ज्याच्या उदराला दाम, म्हणजे दावे, तो दामोदर. संध्येच्या चोवीस नावांत हे नाव आपण रोज घेतो आणि घेताना विसरतो, की आईने बांधल्याची खूण देवाने आपल्या नावात मिरवली आहे. काठीचे नाव त्याने घेतले नाही. आणखी एक नवल पाहा. प्रथमस्कंधात कुंती श्रीकृष्णाची स्तुती करते. युद्ध संपलेले, कुळाची राखरांगोळी झालेली, समोर साक्षात जगन्नियंता. अशा वेळी त्या वृद्ध मातेला आठवते काय? तर गोकुळातल्या त्या बाईने दोरी घेतली तेव्हाचे, काजळ-अश्रूंनी भरलेले, खाली घातलेले ते लहानगे तोंड. ज्याला प्रत्यक्ष भयही भिते तो भ्याला होता, हे आठवून तिची मती गुंग होते. पाच पांडव वाढविलेल्या आईचे मन दुसऱ्या आईच्या अंगणात गेले.

येथे कोणी शास्त्रार्थी गृहस्थ मला अडवितात. म्हणतात, "बुवा, पाच वर्षे लालन, दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्रत्व, हे सुभाषित आपण विसरलात काय?" विसरलो नाही. चाणक्याच्या नावावर चालणारे ते वचन शाळेच्या भिंतींवरही मी वाचले आहे. काही सज्जन ताडन म्हणजे केवळ शिस्त, असा अर्थ ओढून आणतात. मला तसे करता येत नाही. तड् धातूचा अर्थ आघात करणे असाच आहे. महाभाष्यात पतंजलीही म्हणतात, की गुरू मारतात ते अमृताच्या हातांनी, विषाच्या नव्हे; लालनाने दोष वाढतात आणि ताडनाने गुण. शास्त्राची ही बाजू झाकून ठेवण्यात प्रामाणिकपणा नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे, आणि ती मात्र कोणी भिंतीवर लिहीत नाही. गौतम धर्मसूत्र सांगते, की शिष्याला शिकवावे ते न मारता. अगदीच अशक्य झाले तर बारीक दोरीने किंवा वेळूच्या पातळ कामटीने. आणि याहून दुसऱ्या कशाने जो मारील, त्या गुरूलाच राजाने दंड करावा! मनूनेही मस्तकावर मारण्याची मनाई केली आणि तसे मारणाऱ्याला चोराचा दोष लावला. आमच्याकडे पहिला हात पडतो तो डोक्यावर. तोच मनू दुसऱ्या अध्यायात सांगतो, की हिताची शिकवण अहिंसेने द्यावी आणि वाणी मधुर ठेवावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली, तेव्हा कित्येक वडीलधाऱ्यांनी पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून नाके मुरडली. त्यांनी गौतमाचे सूत्र उघडून पाहिले नसावे.

'श्यामची आई'चा दाखलाही मला पुष्कळदा देतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मराठी घरांत पोथीसारखे वाचले गेले. त्यात पोहायला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीवर धाडते, हे खरे. परंतु बेचाळीस रात्रींची ती कथा ज्यांनी सबंध वाचली आहे त्यांना विचारावे, की श्याम घडला तो त्या शिंपटीने, की आईच्या कष्टांनी आणि शब्दांनी? एका प्रसंगाचा आधार घेऊन रोजचा पट्टा चालविणाऱ्यांनी बाकीच्या रात्रीही वाचाव्यात.

हातातली काठी टाकणे तसे सोपे आहे. दुसरी एक काठी आहे, आणि ती आपल्या भाविक घरांतच अधिक सापडते. तिच्याविषयी बोलण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली.

एका चातुर्मासात सोलापूरकडचे एक गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. घर माळकरी, एकादशीचे व्रत निष्ठेने चाललेले. देव्हाऱ्यापुढे एक डबी होती. वारीला निघताना त्यातले पैसे दानपेटीत घालायचे. त्या डबीतून मुलाने शंभर-सव्वाशे रुपये घेतले. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला, तरी मूल तोंड उघडीना. चार दिवस ते देव्हाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकीत नव्हते. वडील मला म्हणाले, "बुवा, याला विठोबाच्या पायांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावा. माझ्या माराला हा जुमानत नाही. देवाला तरी भिईल."

मी म्हटले, "तुमच्या हातचा पट्टा निरुपयोगी झाला, म्हणून आता तो पांडुरंगाच्या हातात देता काय?" ते गप्प बसले. मी मुलाला घेऊन वाळवंटाकडे निघालो. पाणी चढलेले होते. घाटाच्या पायरीवर बसलो. पुष्कळ वेळाने त्याने एकच प्रश्न विचारला, "देव बाबांना सांगतो का?"

मला मुलाच्या चोरीचे दुःख झाले नाही इतके त्या प्रश्नाचे झाले. अकरा वर्षे त्या घरात रोज पूजा होत होती, हरिपाठ होत होता. आणि त्यातून मुलाच्या मनात देवाची जी मूर्ती उभी राहिली, ती बापाच्या हेराची होती. मी म्हटले, "नाही बाळ. देव चहाडी करीत नाही." मग हळूहळू सारे बाहेर आले. सोबत्यांचा चेंडू आणि फळी त्याच्या हातून हरवली होती. भरपाईसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले, तर खेळण्यावर एक व्याख्यान ऐकावे लागले. सोबती रोज अडवीत होते. घरातले जे पैसे कोणाचेच नाहीत असे त्याला वाटले, ते त्याने घेतले.

चोरी ती चोरीच. मी तिला दुसरे नाव दिले नाही. वडिलांना वाटले, आता बुवा प्रायश्चित्त सांगतील. त्यांनीच सुचविले, "रोज एक माळ जप करायला लावतो, महिनाभर." मी अक्षरशः हात जोडले. अहो, नामस्मरण ही काय शिक्षा आहे? ज्या नामासाठी संतांनी देह झिजविला, ते आपण मुलाला चोरीचा दंड म्हणून मोजून देणार? उद्या ते मूल मोठे होऊन माळ हातात घेईल, तेव्हा त्याला कमरेचा पट्टाच आठवेल. जप नको, पूजेची भांडी घासणेही नको, स्तोत्रपाठ तर मुळीच नको. पैसे घेतले आहेत, पैसेच परत करावेत. आठवड्याला खाऊचे दहा रुपये मिळत होते, ते त्याने स्वतः त्या डबीत टाकावेत. वडिलांनी मोजू नयेत, फक्त त्या वेळी शेजारी उभे राहावे. कार्तिकीला ते पुन्हा आले. फेड पुरी झाली होती. पण त्यांनी मला आवर्जून सांगितले ते वेगळेच. शाळेत खिडकीची काच फुटली, ते मुलाने घरी येऊन आपण होऊन सांगितले होते.

'देव बघतोय हं', 'खोटं बोललास तर जीभ झडेल', 'नैवेद्याआधी खाल्लंस तर पोट दुखेल'. ही वाक्ये आपल्या घरांत किती सहज बोलली जातात! बागुलबुवा जुना झाला म्हणून आपण त्याच्या जागी देवाला बसविले. सोय मोठी आहे. दिवसभर कामात असलेल्या आईबापांना फुकटचा राखणदार मिळतो. परंतु मूल एक दिवस नैवेद्याआधी लाडू खाते, पोट दुखत नाही, आणि त्या दिवशी लाडवाबरोबर देवही संपतो. किंवा पोट खरेच दुखते, आणि मग जन्मभर ते देवाला भिऊन हात जोडते. दोन्ही हानी सारख्याच. ज्या देवाने आईच्या काठीला भिण्याचे दुःख स्वतः भोगून पाहिले, त्याच्याच हातात आपण काठी द्यावी, हे मला सहन होत नाही. नैवेद्याआधी का खायचे नाही, तर घरात कोणाच्या तरी आधी आपण जेवत नाही, एवढे कारण मुलाला पुरते. आणि ते खरेही आहे.

आता दाव्याविषयी. यशोदेने बांधायला घेतले तर दावे दोन बोटे कमी पडले. दुसरे जोडले, तरी दोनच बोटे. घरातली सारी दावी संपली, तरी तेवढेच अंतर. गौळणी हसू लागल्या आणि तीही हसू लागली. टीकाकारांनी त्या दोन बोटांचे मोठे अर्थ लाविले आहेत, एक बोट भक्ताच्या श्रमाचे आणि एक भगवंताच्या कृपेचे. मी संसारी माणूस. मला त्यात प्रत्येक घर दिसते. कोणताही नियम करा, तो दोन बोटे कमी पडतोच. रात्री नऊला निजायचे ठरवा, मूल सव्वानऊ करते. अशा वेळी आपण चिडून टाकलेली काठी शोधायला जातो. यशोदा गेली नाही. तिने आणखी एक दावे जोडले. ती घामाघूम झाली, केसांतल्या माळा सुटल्या, आणि आईचे ते कष्ट पाहून कृष्ण आपण होऊन बांधला गेला. मूल बांधले जाते ते आईचे कष्ट पाहून, याहून दुसरे साधन मला तरी सापडलेले नाही. मात्र ते कष्ट मुलाला दिसायला हवेत, ऐकवायला नकोत. 'तुझ्यासाठी आम्ही रक्ताचं पाणी केलं' हे वाक्य म्हणजे पुन्हा काठीच.

आणि दाव्याचे एक टोक बांधणाऱ्याच्या हातात असते. मोबाईलविषयी विचारणाऱ्या मातांना मी एवढेच विचारतो, "माई, जेवताना तुमचा कुठे असतो?" आमच्या घरी सूनबाईंनी नियम केला, की ताटे मांडली की सर्वांचे मोबाईल कोनाड्यात. सर्वांचे, म्हणजे माझाही. आणि खरे सांगायचे तर पहिले काही दिवस नातवापेक्षा त्याच्या आजीलाच ते जड गेले, कारण तिची प्रवचने त्या यंत्रावर चालतात. आपल्या आजीपणजींनी चिऊचा घास, काऊचा घास म्हणून भरविले. तेव्हाही मुलाचे लक्ष घासावरून काढून दुसरीकडे लावीतच होते, असा आक्षेप कोणी घेतील. पण ती चिमणी अंगणात असे आणि भरविणारीचा आवाज कानात असे. तेराव्या अध्यायातले वनभोजन वाचावे. यमुनेच्या वाळवंटात सवंगड्यांच्या मध्ये बसून, डाव्या हातात दहीभाताचा घास आणि बोटांच्या बेचक्यांत फळे घेऊन कृष्ण जेवतो आहे, सगळे एकमेकांना आपापली चव सांगत आहेत, हसत आहेत. जे मूल एकटे ताटावर बसत नाही, ते चार मुलांत बसवून पाहावे. उद्याचा गोपाळकाला आहेच: पोहे, लाह्या, दही, लोणचे, काकडी, जे ज्याच्या घरून आले ते एकत्र. घरी काकडीला नाक मुरडणारी मुले काल्यात ती वेचून खाताना मी पाहिली आहेत.

मुलांना कामे सांगावीत काय? अवश्य सांगावीत. अकराव्या अध्यायात गौळणी बाळकृष्णाला पाट आण, माप आण, खडावा आण म्हणून सांगतात, आणि तो ती ओझी उचलून आणतो. न उचलले तर तेवढ्यात बाहू ठोकून ऐट करतो. सांगणाऱ्यांचे काम अडलेले नव्हते; मुलाला आपला उपयोग होतो हे कळावे, हाच त्यातला लाभ. हल्ली पाट गेले, माप गेले. पाण्याची तांब्याभांडी तर आहेत. मुलगा असो की मुलगी, आपल्या ताटाची जागा आपण पुसावी.

शाळेविषयी मी थोडेच लिहितो, कारण तेथे माझे कोणी ऐकत नाही. मुलाला नीट बोलता येण्याआधी शिशुवर्गात, मग शिकवणी, मग शेजारच्या मुलाचे गुण. नंदाने काय केले ते पाहावे. आधी मुलांच्या हाती वासरे दिली, तीही गोकुळाजवळच चारायला. सहावे वर्ष लागल्यावर गाई दिल्या. आणि सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण गेला तो कंसवधानंतर, मुंज झाल्यावर. चौसष्ट कला चौसष्ट दिवसांत शिकला. आपली मुले चौसष्ट दिवसांत शिकणार नाहीत, हे उघड आहे. पण वासरांच्या आधी गाई देऊ नयेत, एवढे नंदाचे शहाणपण आपल्याला परवडण्याजोगे आहे.

नंदाचे आणखी एक. कृष्ण उखळ ओढीत दोन अर्जुनवृक्षांमधून गेला, झाडे कोसळली, केवढा आवाज झाला. नंद धावत आला. समोर मोडलेले वृक्ष, आणि दाव्याने बांधलेला आपला मुलगा उखळ ओढतो आहे. कोणता बाप अशा वेळी बायकोवर ओरडला नसता? नंद हसला आणि त्याने मुलाला सोडविले. यशोदेने का बांधले, म्हणून तेथे एक शब्द नाही. एकाने बांधावे, दुसऱ्याने सोडवावे, हे घरात चालायचेच. आजीने गुपचूप बत्तासा द्यावा, हेही चालायचेच. पण बांधणारीचा अपमान करून सोडविले, तर मूल त्या फटीतून जन्मभर ये-जा करते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. गौळणी गाऱ्हाणी घेऊन आल्या तेव्हा यशोदेला मुलावर रागवावेसे वाटले नाही, तिला हसू आले, असे भागवतात आहे. त्याचा आधार घेऊन आपल्या मुलाने शेजाऱ्याची काच फोडली तर हसत बसू नये. ईश्वराचे सारेच आचरण अनुकरणासाठी नसते, हे शुकाचार्यांनीच रासपंचाध्यायीच्या शेवटी बजाविले आहे. हाच इशारा मी दहीहंडीसाठीही देतो. कृष्णाने शिंके फोडले ते पाटावर उखळ रचून. चार-सहा मजली माणसांच्या थरांवर आपल्या सात-आठ वर्षांच्या पोराला चढविण्याची आज्ञा कोणत्याही ग्रंथात नाही. मुंबई उच्च न्यायालयात २०१७ साली राज्य शासनाने १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, असे सांगितले. मुलाने कितीही हट्ट केला, मंडळाच्या पोरांनी कितीही आर्जवे केली, तरी येथे दावे सैल सोडू नये. खाली उभे राहून गोविंदा म्हणण्याने भक्ती उणी होत नाही.

आज रात्री बारा वाजता जन्मकाळ आहे. पुष्कळ घरांत लहान मुलांना चिमटे काढून, डोळ्यांना पाणी लावून जागे ठेवतात, आणि ती पेंगली की 'देवाच्या वेळी झोपतोस?' म्हणून रागावतात. तसे करू नये. जी जागतील त्यांच्या हाती पाळण्याची दोरी द्यावी. जी निजतील त्यांच्यावर पांघरूण घालावे. सुंठवडा त्यांच्यासाठी वाटीत झाकून ठेवावा आणि सकाळी दूध पिण्याच्या वेळी द्यावा.